इंझोरीचा चिखल आणि पुढची दोन चाकं

चिपळूणहून वाशीम जिल्ह्यात हौसेने कोणी जात नाही. आम्ही निघालो त्या सकाळी शेजारच्या वहिनींनी "वाशीला कोण आहे तुमचं?" असं विचारलं. वाशी नव्हे, वाशीम, असं मी सांगितलं, तरी त्यांनी जाताना पनवेलहून काहीतरी आणायला सांगितलंच. परत आल्यापासून जो तो विचारतो, काय पाहिलंत तिकडे? देऊळ, धरण, किल्ला? मी सांगते, आम्ही एक चिखल पाहिला. लोकांना वाटतं मी थट्टा करते. म्हणून सगळं सविस्तर लिहून काढते आहे.

आम्ही गेलो ते रेखाकडे. मिरजेला नर्सिंग शिकताना रेखा आणि मी एका खोलीत राहायचो. ती लग्न होऊन इंझोरीला गेली, मी चिपळूणला आले आणि एका खाजगी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये निवृत्त होईपर्यंत राहिले. तिच्या मुलीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं आणि तिने फोन केला की साक्षगंधाला आली नाहीस तर बोलणार नाही. साक्षगंध म्हणजे आपल्याकडचा साखरपुडा, पण नुसता पेढा खाऊन उठायचं नाही, अख्खं गाव जेवतं.

रेल्वेने गेलो असतो तर जऊळक्याला उतरून कोणी न्यायला आलं असतं. पण विनायकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याची जीप चालवायची होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने ही जुनी जीप घेतली. ती चारही चाकांवर चालते हे तो दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगतो. चालवून मात्र कधी पाहिलं नव्हतं, कारण बाजारातून नारळ आणायला दोन चाकं पुरतात.

पुढे जे झालं ते कळायला ही जीप कशी चालते ते थोडं सांगायला हवं. एरवी इंजिन मागची दोन चाकं फिरवतं. गाडी चिखलात रुतली की एक छोटा दांडा ओढायचा, मग पुढची दोन चाकंही जोडली जातात. आमच्या जीपमध्ये ही जोडणी हवा ओढून होते. इंजिनजवळ एक छोटा पंप असतो, तो एका रबरी नळीतून हवा खेचतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला, पुढच्या चाकांच्या आसापाशी, एक पत्र्याची डबी असते. तिच्यातला रबरी पडदा खेचला गेला की एक सळई सरकते आणि चाकं जुळतात. जुळली की समोर हिरवा दिवा स्थिर लागतो. नाही जुळली तर तो लुकलुकत राहतो. विनायकला हे समजायला एक आठवडा लागला. मला चटकन कळलं, कारण माझी नोकरीच सक्शन मशीन सांभाळण्यात गेली आहे.

शेलूबाजार

समृद्धीवरून शेलूबाजारला खाली उतरलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. दोन्ही बाजूंना पळस असा फुललेला की विनायक सारखा गाडी हळू करत होता. चौकात जीपांची रांग, संत्र्यांचे ढीग, आणि एका गाड्यावर आलूबोंडा तळायचं चाललेलं. आपला बटाटेवडा कोरडा खातात. इथे तो फोडून त्यावर लालभडक तर्री ओततात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि दुसरा मी लगेच मागवला.

तेवढ्यात रेखाचा फोन आला.

"तू चार चाकावाली गाडी आणून राह्यली न?" तिने विचारलं. मिरजेत शिकलेली सगळी भाषा ती केव्हाच विसरली आहे. "मंग लय बरं झालं. दोन दिवस पाणी पडलं इकडं. वावराचा रस्ता पुरा गेला अन् सासूबाई तिकडंच अडकल्या."

रेखाच्या सासूबाई, गोकर्णाआजी, गावात राहत नाहीत. वावरात म्हणजे शेतात त्यांच्या म्हशी आहेत आणि म्हशींपाशी त्या. त्यांचा गुडघा नुकताच बदललेला. चिखलातून चालता येत नाही, ट्रॅक्टरवर चढता येत नाही आणि बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसून हिसके खायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली.

"प्रणाली म्हणते आजी नाई तं अंगठी नाई," रेखा म्हणाली. "पाहुणे उद्या कारंज्यावरून येऊन राह्यले. आता तुमीच काय ते करा."

मी विनायकला सांगितलं. त्याचा चेहरा इतका उजळला की लग्न त्याचंच ठरलंय असं वाटावं. इतक्या दिवसांनी जीपची गरज पडली होती. तो ताडकन उठला, तर्रीचे हात रुमालाला पुसले, गाडीत बसला, इंजिन चालू केलं आणि दांडा ओढला. हिरवा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. विझला. विनायकने त्याच्यावर टिचकी मारून पाहिली. दिवा लुकलुकतच राहिला.

समोरच्या रांगेतला एक जीपवाला आमच्याकडे आला. नाव देवानंद, छाती पिंपासारखी आणि आवाज फारच मऊ.

"काय झालं काकाजी? लाइट काहून लुकलुक करून राह्यला?"

विनायकने सांगितलं. देवानंदच्या मागून बाकीचे चालकही आले आणि बघता बघता सगळा चौक आमच्या बॉनेटभोवती गोळा झाला. कोणालाही घाई नव्हती. त्यांच्या प्रवाशांनाही नव्हती. एका जीपमधल्या बाई शेंगा सोलत खाली उतरल्या आणि मलाही मूठभर देऊन बघत उभ्या राहिल्या.

देवानंदने आधी फ्यूज पाहिला. ठीक होता. मग दांडा ओढायला सांगून कान लावला. हवेचा रस्ता उघडणारी एक विजेवर चालणारी खुंटी असते, ती टक् करून वाजली. म्हणजे तीही ठीक. मग तो गाडीखाली सरपटत गेला, डबीवरची नळी काढली आणि तिच्या तोंडाला अंगठा लावला.

"वाराच नाई ओढून राह्यली," तो खालून म्हणाला. मग डबीला नळीचा तुकडा लावून त्याने तो स्वतःच्या तोंडात धरला आणि श्वास ओढला. सळई हलली. बाहेर टाळ्या पडल्या. त्यानंतर प्रत्येकालाच ओढून पाहायचं होतं. एकामागून एक माणूस खाली जाई, गाल आत ओढून लाल होई आणि मान हलवत बाहेर येई. सळई हलवणं देवानंदशिवाय कोणालाच जमलं नाही. विनायकने प्रयत्न केला तेव्हा त्याला ठसका लागला आणि शेंगावाल्या बाईंनी त्याच्या पाठीवर थापटलं.

डबी चांगली. पंपाच्या तोंडाशी अंगठा लावला तर तिथे ओढ होती, म्हणजे पंपही चांगला. मग नळी पाहिली. बॅटरीजवळ तिला चांगली बोटभर चीर होती. नवीन नळी हवी, पण दुकानदार जेवायला घरी गेलेला. देवानंदने त्याला फोन लावला आणि मला म्हणाला, "थो येऊन राह्यला."

आमच्याकडे येऊन राहिला म्हणजे आला आणि मुक्काम केला. मी विचारलं, "कुठे राहिला?"

"रस्त्यात हाये न."

"रस्त्यात कशाला राहिला?"

"येऊन राह्यला म्हणून."

"मग आता इथे येणार नाही का?"

देवानंदने माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि मला पाणी आणून दिलं. दुकानदार मोटारसायकलवर समोर येऊन थांबला तेव्हा मला कळलं की इकडे येऊन राहणारा माणूस अजून यायचाच असतो. या एका शब्दाने पुढचे दिवस मला फार हसवलं.

नवीन नळी पोपटी रंगाची होती, मऊ आणि चकचकीत. विनायकने ती बोटांत वाकवून पाहिली, खूश झाला. बसवली, दांडा ओढला, हिरवा दिवा लागला आणि लागूनच राहिला. देवानंदने बजावलं, "डांबरावर नका लावजा काकाजी. चिखल दिसला की मंगच."

आम्ही चौकातल्या सगळ्यांना हात करत, मंगरूळपीरवरून इंझोरीच्या वाटेला लागलो. विनायक रस्ताभर शीळ वाजवत होता.

इंझोरी

रेखाच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात गोवऱ्यांचा जाळ रचलेला आणि त्यात रोडगे भाजायला टाकलेले. रोडगा म्हणजे कणकेचा थरांचा गोळा, निखाऱ्यात भाजून, राख झटकून, फोडून तुपात बुडवायचा. बरोबर वांग्याची भाजी, तिच्यावर तेलाचा थर, आणि घट्ट वरण. रेखाचे यजमान ज्ञानेश्वरभाऊ माझ्या ताटाशी उकिडवे बसून राहिले. मी नको म्हटलं की ते "बरं" म्हणत आणि वाढत. आमच्याकडे पाहुण्याने तीनदा नाही म्हटलं की भांडं उचलतात. इथे नाही म्हणणं हा जेवणाचाच भाग आहे, असं दिसलं.

प्रणाली जळगावच्या बाजूला शिक्षिका आहे, हसरी आणि ठाम. ती विनायकपाशी येऊन बसली.

"काका, आजीले आणता न? नक्की?"

"हिरवा दिवा लागला की माझी जीप कुठेही जाते," विनायक म्हणाला.

मला हे वाक्य आवडलं नाही, पण पोट इतकं भरलं होतं की काही बोलवेना.

वावर

सकाळी मी, विनायक आणि ज्ञानेश्वरभाऊ निघालो. भाऊंनी साक्षगंधाचा नवा पांढरा झब्बा आधीच घातला होता. आईला घेऊन थेट मांडवात जायचं म्हणून.

गावाची शेवटची घरं संपली आणि डांबरही संपलं. पुढे काळी माती. आमच्याकडची लाल माती पावसात वाहून जाते. ही जात नाही. ही धरते. मी रस्ता पाहायला खाली उतरले आणि चार पावलं चालले तर चपलांना मातीचे थर बसून मी उंच झाले. पाचव्या पावलाला चप्पल तिथेच राहिली आणि मी पुढे गेले. कडेच्या वावरात गहू उभा होता, धुतल्यासारखा स्वच्छ, आणि लांबवर धुऱ्यावर म्हणजे बांधावर एकच पळस पेटलेला.

विनायकने दांडा ओढला. हिरवा दिवा स्थिर लागला. आणि जीप चालू लागली.

ती मजा मला नीट सांगता येणार नाही. गाडी चालत नव्हती, पोहत होती. पुढची चाकं चिखल उपसून काचेवर फेकत होती, वायपर तो फासत होते, विनायक खिडकीतून डोकं काढून बघत होता आणि मोठमोठ्याने हसत होता. ज्ञानेश्वरभाऊ मागून "उजवीकून घ्या, उजवीकून" म्हणत होते आणि जीप आपल्या मनाने डावीकडे जात होती. मी इतकी हसले की माझा चष्मा पडला. साठी उलटलेली तीन माणसं जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी ओरडत कोठ्यापाशी पोचली. कोठा म्हणजे गोठा, आणि त्याला लागून आजींची खोली.

गोकर्णाआजी हिरवं नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, दारात खुर्चीवर बसल्या होत्या.

"किती वेळ लावला," त्या म्हणाल्या. "मी पहाटपासून तयार होऊन बसून राह्यली. चहा घ्या आधी."

विनायकने इंजिन बंद केलं नाही. बंद केलं आणि पुन्हा चालूच झालं नाही तर काय, असं त्याला वाटलं. म्हणून जीप उन्हात धडधडत उभी राहिली आणि आम्ही म्हशीच्या दुधाचा चहा प्यालो. तो इतका दाट होता की साय ओठाला चिकटून आली. आजींनी आम्हाला त्यांच्या म्हशी दाखवल्या. रंगी नावाची सगळ्यांत मोठी. आणि म्हशींपेक्षा अभिमानाने दाखवलं ते दूध काढायचं मशीन: छोट्या चाकांवरची एक गाडी, तिच्यावर मोटर आणि पंप, स्टीलची झाकणाची बादली, काळ्या रबरी नळ्या, आणि काटा असलेली एक गोल तबकडी. हात दुखायला लागले तेव्हा त्यांनी हे घेतलं होतं.

मग स्टूल ठेवून आजींना पुढच्या सीटवर बसवलं. विनायकने गाडी वळवली. फाटकापाशी सगळ्यांत जास्त चिखल होता, तिथे जीप उतरली, आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

मागची चाकं जागीच गरगरली. ज्ञानेश्वरभाऊ ढकलायला मागे गेले होते. चाकांनी उडवलेला चिखल त्यांच्या अंगावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बसला. त्यांनी झब्ब्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि खाली बसून हसायला लागले.

"काहून थांबली?" आजींनी आतून विचारलं.

ट्रॅक्टर मांडवाच्या खुर्च्या आणायला मानोऱ्याला गेला होता. रेखाचा फोन आला की कारंज्याची मंडळी आली, पोहे खात आहेत, मुलाचे वडील मुहूर्ताचं विचारून राहिले आहेत. मी "निघालोच" म्हटलं. ते खरं नव्हतं. फोन ठेवल्यावर मात्र माझं हसू थांबलं. प्रणाली शब्दाची पक्की होती. आजी आल्या नाहीत तर ती भर मांडवात पाहुण्यांसमोर नाही म्हणाली असती, आणि ते जन्मभर लक्षात राहिलं असतं.

"डबीत चिखल गेला. पडदा फाटला," विनायक म्हणाला. तसं असेल तर चिपळूणपासून वाशीमपर्यंत ती डबी मिळायची शक्यता नव्हती. मी म्हटलं, आधी खात्री करू. खुंटी टक् करत होती. आता डबीची वेगळी परीक्षा हवी. त्यासाठी हवा ओढायला हवी आणि देवानंदची छाती शेलूबाजारला होती. विनायकने चिखलात आडवं होऊन ओढून पाहिलं. भाऊंनी पाहिलं. भाऊंच्या तोंडात माती गेली.

मी हात पुसायला कोठ्यापाशी आले. समोर आजींचं मशीन उभं होतं. त्या तबकडीचा काटा मी पाहिला आणि एकदम मला माझ्या थिएटरमध्ये उभी असल्यासारखं वाटलं. पंप, बंद बादली, नळ्या, काटा. हे सक्शन मशीनच होतं. नोकरीभर मी हेच सांभाळलं होतं, फक्त समोर म्हैस नव्हती.

मी जीपच्या खिडकीशी गेले. "आजी, तुमचं मशीन थोडा वेळ देता का?"

"कायले?"

"गाडीला लावायला."

आजींनी खिडकीतून मान बाहेर काढून बॉनेटकडे पाहिलं. "गाडीले?" त्या म्हणाल्या. "दूध देते काय ते?"

मी समजावलं. चिखलात उभं राहून, हातवारे करून, नळी, पडदा, सळई सगळं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे तुले वारा ओढून पाह्यजे," त्या म्हणाल्या. "न्या मंग. पण नळी धुवून देजा. अन् लाईन जायच्या आत कर. दुपारी करंट राहत नाई."

विनायक आणि भाऊंनी मशीन उचललं. चाकं चिखलात फिरणारच नव्हती, म्हणून नवरीची डोली न्यावी तसं दोघांनी खांद्यावर घेतलं. विहिरीच्या पंपाच्या पेटीतून वायर ओढली. मी एक बारीक नळी डबीला जोडली आणि सुतळीने आवळली. भाऊंनी बटन दाबलं. मोटर घुमायला लागली आणि मशीन टकटक, टकटक वाजू लागलं.

"लागला," आजी आतून म्हणाल्या. मग म्हणाल्या, "गेला. लागला. गेला."

मी वाकून पाहिलं. सळई आत जात होती, बाहेर येत होती, पुन्हा आत. मशीन आपलं रोजचंच काम करत होतं. वासरू पितं तसं ओढायचं, सोडायचं, ओढायचं, सोडायचं. जीपची पुढची चाकं रंगीच्या तालावर जुळत होती आणि सुटत होती. विनायकला हे दिसलं आणि तो बॉनेट धरून इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मीही हसत होते. भाऊ तर केव्हापासून हसतच होते. आजींना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

"थे टकटक करणारं डबडं काहाडा न बाजूले," त्या म्हणाल्या. "सरळ बादलीवर लावा नळी. सरळ ओढू द्या."

तसं केलं. काटा वर चढला आणि वरच राहिला. सळई आत गेली आणि आतच राहिली. आजी म्हणाल्या, "लागला. राह्यला." नळी चिमटीत बंद करून पाहिली, तरी दिवा विझला नाही. म्हणजे पडदा धडधाकट होता. कुठेही गळत नव्हतं.

मग दोष मधेच कुठेतरी. मी पंपापासून पोपटी नळीवरून बोटं फिरवत निघाले. पहिला भाग ठीक. धुराच्या गरम पाइपाजवळ पोचले आणि बोटांना ती लागली. चोखून टाकलेल्या आंब्यासारखी चपटी. सकाळी थंड असताना ती गोल होती म्हणून आम्ही इथवर आलो. चहा होईपर्यंत इंजिन तापलं, नळी मऊ झाली, आणि आतून ओढ बसली की तिच्या भिंतीच एकमेकींना चिकटल्या. ती पाणी सोडायची नळी होती, हवा ओढायची नव्हती. थिएटरमध्ये सक्शनची नळी जाड का असते हे मी कितीतरी नवीन मुलींना शिकवलं होतं. आणि आजींच्या मशीनच्या नळ्याही तशाच जाड होत्या, त्याच कारणासाठी.

"आजी, अशी एखादी जादा नळी आहे का?"

"पेटीत हाये. पण एका बोलीवर देतो," त्या म्हणाल्या. त्या स्वतःबद्दल बोलतानाही कधी कधी पुरुषासारखं बोलतात. "थो दांडा मी ओढीन."

विनायकचा हात नकळत दांड्यावर गेला. तो दांडा तो मलाही ओढू देत नाही. मग त्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, "ओढा."

नळी कापली, बसवली, गरम पाइपापासून लांब सुतळीने बांधली. मशीन धुऊन कोठ्यात परत ठेवलं. विनायकने आजींना क्लच आणि दांडा कसा ते दाखवलं. त्याने क्लच दाबला, आजींनी बांगड्या वर सारल्या, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि विहिरीचा पोहरा ओढावा तसा ओढला.

दिवा लागला. तो लागून राहिला.

पुढची चाकं हळूच फिरली, चिखलात रुतली, आणि मग त्यांनी जमीन पकडली. जीपचं नाक वर आलं. मागच्या सीटवर भाऊंनी माझा हात धरला होता आणि त्यांच्या चिखलाने माझी बाही भरली होती. फाटक मागे पडलं, कोठा मागे पडला, आणि आजी हातातला दांडा न सोडता समोर बघत म्हणाल्या, "चांगली हाये गाडी. रंगीवानी."

मांडव

मांडवात पोचलो तेव्हा पोह्यांचा दुसरा हप्ता चालला होता. प्रणाली बाहेरच उभी होती. तिने आजींना खाली उतरवून घेतलं, मिठी मारली आणि मग वडिलांचा झब्बा पाहिला. भाऊंनी झब्बा बदलला नाही. मुलाच्या वडिलांनी विचारलं तेव्हा त्यांनी सगळी हकीकत सुरुवातीपासून सांगितली. मग सगळे व्याही, मामा, काका उठून जीपपाशी गेले आणि बॉनेट उघडून म्हशीच्या मशीनची नळी पाहू लागले. गुरुजी मुहूर्त चाललाय म्हणून हाका मारत होते. शेवटी तेही बघायला गेले.

साक्षगंध झालं. मुलगा शुभम कारंज्याचा, कृषी केंद्र चालवतो. शांत मुलगा. अंगठी घालताना ती बोटावर मधेच अडली आणि प्रणालीने त्याचा हात दुसऱ्या हाताने धरून ती पुढे सरकवली. आजींनी दोघांवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. जेवायला पुन्हा वांगी, बुंदी, कढी आणि मी नाही म्हटलेलं सगळं.

उन्हं कलायला लागली तशी आजींची चुळबुळ सुरू झाली. म्हशींची वेळ झाली होती. विनायक किल्ली घेऊन उठला. प्रणाली म्हणाली, मी सोडायला येते. शुभमने इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, मीही येतो, मशीन पाहायचं आहे. त्याचे मामा हसले. दोघांच्या घरांनी सगळं ठरवलं होतं, पण दोघं एकटी अशी कधी बसली नव्हती, हे मला रेखाने आदल्या दिवशी सांगितलं होतं.

मी पुढे आजींच्या शेजारी दाटीवाटीने बसले. ती दोघं मागे. डांबर संपलं, आजींनी दांडा ओढला, दिवा लागला. मागे दोघंही आधी आपापल्या बाजूला बाहेर बघत बसली. मग शुभमने विचारलं, "तुमच्या शाळेत मुलं किती आहेत?" प्रणालीने काहीतरी सांगितलं. तो हसला. मग तिने त्याला काहीतरी विचारलं आणि मग दोघंही एकदम बोलायला लागली.

विनायकला सकाळचा पोहण्याचा आनंद पुन्हा हवा होता. त्याने वेग वाढवला, चिखल उडायला लागला. आजी त्याच्याकडे झुकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हळू ने बावा. पोट्टे बोलून राह्यले."

विनायकने आरशात पाहिलं. मग त्याने गाडी सगळ्यांत खालच्या गिअरमध्ये टाकली, आणि चारही चाकांवर, माणसाच्या चालीने, आम्ही कोठ्याकडे निघालो.